मापात बसलेली गिटार

४ जुलै १९८२, रविवार

ही डायरी जानेवारीत ड्रिल विकणाऱ्या एका एजंटनं दिली होती. सहा महिने कपाटावर कोरीच पडून होती. आज उघडली, कारण घरात एक गोष्ट ठरली आहे आणि ती पहिल्यापासून लिहून ठेवावी असं वाटलं.

माझी मुलगी स्मिता पाचवीत आहे. आठवडाभर ती शाळेतून तास तास उशिरा येत होती. माझी बायको गोजरा म्हणाली, मैत्रिणीकडे जात असेल. मला पटेना. शुक्रवारी पहिली पाळी सुटल्यावर पावण्याच्या कंपनीतून सायकल हाणत आलो आणि शाळेच्या रस्त्याला लागलो. पोरगी सापडली ती शाळेमागच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. वर पहिल्या मजल्यावर मिस्किटा मास्तर मुलांना गिटार शिकवतात, ते ती ऐकत होती. ओरडायला मी तोंड उघडलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. कंपनीच्या टूलरूममध्ये अठरा माणसं माझ्या हाताखाली शिकून गेली, पण असं धाडस एकानंही केलं नव्हतं.

आज दुपारी जेवताना तिनं सांगितलं, "पप्पा, मला ते शिकायचंय." मी हो म्हणालो. नंतर गोजरा भांडी घासता घासता म्हणाली, "हो म्हनायला काय लागतं? वाजवायला गिटार लागते." तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

११ जुलै, रविवार

मिस्किटा मास्तरांकडे जाऊन आलो. ख्रिस्ती माणूस, मूळ ठाण्याकडचे, वय साठीच्या पुढे. पूर्वी बोटीवर वाजवत असत. मराठी आपल्यासारखीच बोलतात.

त्यांनी स्मिताला त्यांच्या गिटारची एक तार छेडून दाखवली आणि म्हणाले, "आता हा सूर तोंडानं काढ." तिनं काढला. मग दुसरा, तिसरा. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "शिवरामभाऊ, हिचा कान चांगला आहे."

दर वर्षी ते एका मुलाला फी न घेता शिकवतात. यंदाची ती जागा रिकामी आहे, ती स्मिताला देतो म्हणाले. पण अट आहे. वाद्य स्वतःचं हवं, घरी रोज सराव हवा. नाताळच्या आधी त्यांचे विद्यार्थी शाळेच्या हॉलमध्ये वाजवतात. त्यात स्मिताला इतरांबरोबर वाजवता आलं तर जागा पुढे चालू, नाही आलं तर जानेवारीत ती दुसऱ्या मुलाला. "दारात चार पोरं उभी आहेत," ते म्हणाले. मला हे आवडलं. आमच्या टूलरूममध्येही असंच असतं, जॉब पास झाला तर माणूस राहतो.

नव्या गिटारची किंमत विचारली आणि ऐकून प्यायला पाणी मागितलं.

१२ जुलै

आयेला सांगितलं. ती दाण्यातले खडे काढत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"पुन्ना वाजवायचा? तुज्या बापानं सनय नदीत टाकली ती कशापायी?"

हे तिनं म्हणणं साहजिक होतं. माझे वडील, पोपट त्यांचं नाव, गावच्या लग्नांत सनई वाजवायचे. वाजवायचे म्हणजे ते काम आमच्या वाडीवर लादलेलंच होतं. मांडवाच्या बाहेर, उन्हात उभं राहायचं. पंगती उठल्यावर उरलेलं वरून पदरात टाकायचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात वडिलांनी सनई नदीत टाकली. पुन्हा आयुष्यात त्यांनी काही वाजवलं नाही. मी तेव्हा लहान होतो. पुढे कित्येक दिवस जेवून झाल्यावर त्यांची बोटं तांब्यावर हलायची, ते मला आठवतं.

मी म्हणालो, "आये, ही खुर्चीवर बसून वाजवायची. आणि समोर लोक बसून ऐकतात."

"आनी ऐकनारं उठून ग्येलं म्हंजी?"

"आपल्या कामात खोट नसली की कुणी उठत नाही."

ती सूप घेऊन पुन्हा खडे वेचायला लागली. पण मी ठरवलं ते ठरवलं. माझ्या पोरीच्या हातात जी वस्तू येईल तिच्यात कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये.

२५ जुलै, रविवार

तुर्भ्याला भंगारवाल्याकडे एक गिटार मिळाली. लहान मुलांची आहे. स्मिताचे हात लहान, तेव्हा हीच बरी. पोट चांगलं आहे, मान सरळ आहे, खुंट्या फिरतात. फक्त मानेवरची पाटी वाळवीनं खाल्ली आहे, त्यामुळे तिच्यावरच्या आडव्या पितळी पट्ट्या निघून गेल्या आहेत. बोटं याच पट्ट्यांजवळ दाबायची असतात. भंगारवाला म्हणाला, "ये तो शो के लिए है." मी मनात म्हटलं, तू बघ.

नवी पाटी आणि नव्या पट्ट्या एवढंच तर करायचं आहे. वीस वर्षं डाय आणि जिग असली अचूक मापाची हत्यारं बनवतोय. सूर मला कळत नाहीत, आकडे कळतात.

१ ऑगस्ट, रविवार

मास्तरांकडे बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन गेलो. त्यांना सांगितलं, आमच्या गिटारची पाटी खराब आहे, तुमच्या गिटारवरून मापं घेऊ का. ते म्हणाले, "घ्या, पण काही खोलू नका."

दोन तास लागले. पट्ट्या सारख्या अंतरावर नसतात. वरून खाली येताना अंतर कमी कमी होत जातं. प्रत्येक माप तीन तीन वेळा घेतलं आणि कागदावर उतरवलं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. मास्तर कौतुकानं बघत बसले होते. म्हणाले, "गिटार बनवणारा कारागीरही इतकं बघत नसेल."

२२ ऑगस्ट, रविवार

लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्नच्या खात्यातून शिसवीचा एक टाकाऊ तुकडा मिळाला. आमचे फोरमन श्यामसुंदर यांनी त्याचा गेट पास सही करून दिला. जेवणाच्या सुट्टीत मिलिंग मशिनवर खाचा पाडल्या. तपासणीच्या सपाट सरफेस प्लेटवर ठेवून मापं तपासली. कागदावरच्या आकड्यात आणि लाकडात फरक सापडला नाही. श्यामसुंदर स्वतः तपासून म्हणाले, "शिवराम, हा पीस इन्स्पेक्शनला पाठवला तर ते लोक लाजतील."

एक बारीकशी अडचण आली. मास्तरांच्या गिटारला एकोणीस पट्ट्या आहेत. आमच्या पाटीवर पंधराच बसल्या, पुढे लाकूड संपलं. पण खालच्या पट्ट्या नवशिक्याला लागत नाहीत, मास्तरांनीच तसं सांगितलंय. तेव्हा प्रश्न नाही.

५ सप्टेंबर, रविवार

गिटार पुरी झाली. पॉलिश केलं, नव्या तारा चढवल्या. मास्तरांनी सुरांची शिट्टी दिली आहे, तिच्यावर स्मितानं तारा जुळवल्या. ती खुर्चीवर बसली, आम्ही तिघं समोर चटईवर.

आधी तिनं सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या. आवाज खोलीभर झाला. गोजरा हसली. मग स्मितानं बोटं दाबून छेडलं. थांबली. बोटांकडे बघितलं. पुन्हा दाबली, पुन्हा छेडलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"छान झालीय, पप्पा," म्हणाली.

पोरीला आनंद इतका झाला की तिला वाजवणं सुचेना. लगेच तिनं गिटार कपड्यात गुंडाळून ठेवून दिली.

१९ सप्टेंबर, रविवार

स्मिता शहाणी मुलगी आहे. सराव करताना तारांखाली हातरुमाल घालते, म्हणजे आवाज होत नाही, नुसती टक टक ऐकू येते. विचारलं तर म्हणाली, आजीला त्रास नको. आजी त्या वेळी खाली बायकांत बसलेली असते, पण सवय चांगली आहे.

क्लासला स्वतःची गिटार नेत नाही. मास्तरांचीच वाजवते. म्हणते, पाऊस आहे, आपली भिजेल. वस्तूची इतकी काळजी घेणारं पोर मी दुसरं बघितलं नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याला टूलरूममध्ये मशिनांना हार घालतात. मी पूजेत नसतो, पण नंतर पेढे वाटताना असतो. या वेळी गिटार घेऊन गेलो. सगळ्या खात्यानं हाताळली. स्टोअरचा सिताराम, ज्याला माझ्या कामात चूक काढण्यासाठीच पगार मिळतो असं मला वाटतं, तोसुद्धा पट्ट्यांवरून अंगठा फिरवून गप्प झाला. वाजवता कुणालाच येत नव्हती. सगळ्यांनी मोकळ्या तारा छेडल्या.

घरी येऊन स्मिताला एकेकाचं बोलणं सांगितलं. ती ऐकत होती आणि फ्रॉकचा काठ पिळत होती. शेवटी म्हणाली, "सगळ्यांना आवडली?" मी म्हणालो, सगळ्यांना. "मग बरं झालं," म्हणाली.

७ नोव्हेंबर, रविवार

आज आयेशी वाद झाला.

दुपारी स्मिता सराव करत होती. आज रुमाल घातला नव्हता, तिला वाटलं आम्ही झोपलोय. एक ओळ तोंडानं म्हणायची, मग तीच गिटारवर वाजवायची, मग थांबायची. असं दहा वेळा तरी. आये पडल्या पडल्या म्हणाली, "शिवा, पोर तोंडानं गाते ते बरोबर हाय. लाकूड येगळंच बोलतं."

मी म्हणालो, "आये, ते लाकूड मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर आहे."

"मी तीस वरसं सनय ऐकली हाय रे."

"सनईचं वेगळं. हे मापाचं वाद्य आहे. चुकत असेल तर तिचं बोट चुकत असेल."

बाहेरच्या खोलीतून आवाज बंद झाला. जाऊन बघितलं तर स्मिता गिटार कपड्यात गुंडाळत होती. मी म्हणालो, जास्त सराव कर. ती हो म्हणाली.

१२ डिसेंबर, रविवार

सहा तारखेला चैत्यभूमीला जाऊन आलो, सगळे मिळून. त्याची दगदग अजून अंगात आहे.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये तालीम, पालकांसमोर. मास्तरांनी निरोप दिला आहे की त्या दिवशी प्रत्येकानं स्वतःचं वाद्य आणायचं. क्लासमध्ये स्मिता उत्तम वाजवते, पाचांत पहिली, असंही म्हणाले. मी श्यामसुंदरना आमंत्रण दिलं. ते सहकुटुंब येणार आहेत.

स्मिताला दोन दिवस जेवण जात नाही. गोजरा म्हणते, पोटात किडा असेल. मला वाटतं भीती आहे, स्टेजवर बसली की जाईल.

१९ डिसेंबर, रविवार

आज हॉलमध्ये तालीम झाली.

पाच खुर्च्या मांडल्या होत्या. स्मिता तिसऱ्या खुर्चीवर. मी मागे भिंतीशी उभा, शेजारी श्यामसुंदर. मास्तरांनी हातानं खूण केली. चौघांनी सुरू केलं. स्मितानं केलं नाही. गिटार मांडीवर धरून बसून राहिली. मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं, तिच्याजवळ जाऊन काही बोलले. पुन्हा सुरू. पुन्हा ती तशीच. पट्ट्यांवर तिनं हातसुद्धा ठेवला नाही. माझ्याकडे बघत होती. मी मागून खूण केली, वाजव, वाजव. तिनं मान खाली घातली.

मास्तर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिवरामभाऊ, मला समजत नाही. माझ्यासमोर वाजवते. पण लोकांत हात चालत नसेल तर मी काय करू? ठरलंय तसं करावं लागेल." म्हणजे जागा गेली.

श्यामसुंदर म्हणाले, लहान आहे, होतं असं. त्यांचं ते समजावणंच मला झोंबलं.

घरी आल्यावर मी बोललो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहितो, कारण ते बोलल्यावर गोजरानं माझ्याकडे जसं बघितलं तसं लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या कामात खोट नाही. खोट तुझ्यात आहे."

स्मिता रडली नाही. "हो," म्हणाली.

२६ डिसेंबर

गुरुवारी कार्यक्रम झाला म्हणे. आम्ही गेलो नाही. स्मिता आता शाळेतून वेळेवर घरी येते. मागच्या बिल्डिंगपाशी थांबत नाही. गिटार पलंगाखाली आहे. घरात सगळे माझ्याशी कामापुरतं बोलतात.

२ जानेवारी १९८३, रविवार

वस्तू पडून कुजू नये, ज्या मुलाला जागा मिळाली त्याला तरी वापरू दे, म्हणून गिटार घेऊन मास्तरांकडे गेलो. मनात राग होताच. आपण किती मोठ्या मनाचे हेही दाखवायचं होतं. खरं ते लिहावं.

मास्तरांनी कापड सोडलं. पाटीवरून हात फिरवला, वा म्हणाले. तारा जुळवल्या. मग तीन बोटं दाबून छेडलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. पुन्हा छेडलं. एकेक तार दाबून ऐकली. चष्मा काढला.

"ही मापं कुठून घेतलीत?"

"तुमच्याच गिटारवरून. तुमच्यासमोर."

ते उठले. त्यांची गिटार आणून आमच्या गिटारशेजारी पलंगावर ठेवली. वरच्या टोकाला टोक जुळवलं. त्यांची तार जिथं खालच्या लाकडी घोडीवर टेकते, त्याच्या पावणेतीन इंच अलीकडेच आमची तार संपत होती. त्यांची मोठ्या माणसाची गिटार, आमची लहान मुलाची. तार आखूड, तर पट्ट्याही त्या हिशेबानं जवळ जवळ हव्या. मी मोठ्या गिटारची मापं लहान गिटारवर ठोकली होती. शंभराव्या भागापर्यंत बरोबर, आणि एकूण एक चूक. पंधराच पट्ट्या का बसल्या तेही त्याच क्षणी समजलं. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसनं असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी आत घेतलं नसतं.

मास्तर म्हणाले, "मला वाटलं तुमचीही मोठीच असेल. ती कधी आणलीच नाही तिनं. मीही विचारायला हवं होतं." मग थोड्या वेळानं, "चार महिने ती घरी यावर सराव करत होती? आणि माझ्याकडे येऊन बरोबर वाजवत होती? तुम्हाला कल्पना आहे का, हे किती अवघड आहे?"

मला कल्पना नव्हती. मी गिटार उचलली आणि घरी आलो. जागा गेली ती गेलीच, तो मुलगा कालपासून येतोय. मास्तर म्हणाले, जूनमध्ये बघू.

३ जानेवारी

आज पाळी संपल्यावर स्मिताला घेऊन खाडीच्या बाजूला चालत गेलो. बांधावर बसलो. मी विचारलं, "गिटार चुकलीय हे तुला कधी कळलं?"

ती बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिली.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना दाखवत होता."

"आणि हॉलमध्ये?"

"वाजवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तुमचे फोरमन काका पण आलेले."

अकरा वर्षांची मुलगी. तिनं माझी अब्रू वाचवायला स्वतःची जागा घालवली, आणि मी तिला खोट म्हणालो. तिनं तेही घेतलं, हो म्हणून. मी तिची माफी मागितली. आमच्यात बाप पोरांची माफी मागत नाहीत. ती म्हणाली, "असू दे पप्पा, झालं तुमच्याकडून चुकीचं." समजूत काढत होती माझी.

घरी आल्यावर आयेला सांगितलं की तू बरोबर होतीस. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग." मी म्हणालो, सांगितलं.

१६ जानेवारी, रविवार

मास्तरांनी नियम शिकवला. तारेची लांबी घ्यायची, तिचा अठरावा भाग पहिल्या पट्टीला, मग उरलेल्या लांबीचा अठरावा दुसऱ्या पट्टीला, असं खाली जायचं. अठरापेक्षा थोडं कमी घ्यायचं, तेही सांगितलं. नवी पाटी केली. या वेळी एकोणीस पट्ट्या बसल्या.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. आमच्याकडे इन्स्पेक्टर झोपेत काम करतोय का हे बघायला चांगल्या मालात मुद्दाम एक खराब पीस सोडतात. त्यानं तो बाजूला काढला तर इन्स्पेक्टर जागा आहे. घोडी नुसती तारांच्या ताणावर उभी असते, सरकवता येते. ती मी मुद्दाम पाव इंच पुढे ठेवली आणि गिटार स्मिताला दिली. आता ती खरं बोलते का ते मला बघायचं होतं.

तिनं वाजवलं. ऐकलं. माझा चेहरा बघितला.

"आता मस्त झालीय, पप्पा."

मी सांगितलं की घोडी मीच चुकीची ठेवली होती. ती उठून आत गेली. गोजरा बाहेर आली आणि म्हणाली, "पोरीची परीक्षा घ्यायला ही काय तुमची कंपनी हाय? एकदा तिनं तुमच्यासाठी गिळलं. तुमी पुन्ना गिळायला लावलंत."

मी घोडी मापावर आणून ठेवली. स्मिताला गिटारला हात लावायला सांगितलं नाही.

३० जानेवारी

स्मिता अधूनमधून वाजवते. रुमाल घालत नाही. मी घरात असलो तर मात्र वाजवत नाही. मी विचारत नाही. पाळीवरून आल्यावर थोडा वेळ खाली सायकल पुसत बसतो, म्हणजे वर वाजतं.

२० फेब्रुवारी, रविवार

आज श्यामसुंदर आले होते. पहिली पाटी का चुकली हे मी त्यांना कंपनीतच सांगून टाकलं होतं. सांगताना घाम फुटला होता, पण सांगितलं. आज त्यांना दुसरी बघायची होती. मी हौसेनं नियम समजावला. कागद काढले. घोडीची जागा दाखवली, लाकडावर सुईनं केलेली बारीक खूण दाखवली. म्हणालो, आता यात केसाचाही फरक नाही. ते मान डोलावत होते.

स्मिता दारात उभी होती. किती वेळ होती माहीत नाही.

"पप्पा, अजून चुकतंय."

श्यामसुंदरांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. माप बरोबर आहे हेच तोंडात आलं, आणि खरं तर तेच बाहेर पडलं. "माप बरोबर आहे, बेटा."

"माप आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती दारातून हलली नाही. "पण सूर चढतोय. खाली गेलं की जास्त चढतो. रोज चढतो."

मी गिटार तिच्यापुढे धरली. ती खुर्चीवर बसली, तार ढिली केली, घोडी अंगठ्यानं मागे ढकलली, जुळवली, दाबून ऐकलं. नाही म्हणाली. पुन्हा ढकलली, जरा जास्त झाली, थोडी पुढे घेतली. आम्ही दोघं वीस वीस वर्षं काम केलेले कारागीर तिच्यासमोर बघत बसलो होतो. मला एकाही वेळी फरक ऐकू आला नाही. श्यामसुंदरांनाही नाही आला. आये आतून म्हणाली, "हां, आता."

"हां," स्मिता म्हणाली.

नंतर मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, तार दाबली की ताणते, म्हणून घोडी हिशेबापेक्षा थोडी मागे लागते. किती मागे ते कागदावर येत नाही, कानानंच ठरतं. पण हे मला संध्याकाळी कळलं. दुपारी मला फक्त एवढंच माहीत होतं की माझ्या पोरीनं माझ्या फोरमनसमोर माझं काम चुकलंय म्हणून सांगितलं, आणि सांगून ती पळाली नाही.

मी सुई घेतली. माझी जुनी खूण पॉलिश पेपरनं घासून काढली आणि तिनं घोडी ठेवली होती तिथं नवी खूण केली.